गोदाकाठचा वार: नांदेड, १७०८

मोगल दरबारात दिवसभरात जे घडे ते अखबारनवीस रोज टिपून ठेवत. १७०८ च्या ऑक्टोबर अखेरीस त्यांच्या कागदांत एक छोटा हुकूम नोंदवला गेला. गुरू गोविंदसिंगांच्या हातून मारल्या गेलेल्या जमशेदखान अफगाणाच्या मुलाला मातमी खिलत, म्हणजे दुखवट्याचा पोशाख, देण्यात यावा. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा विषय बादशहापुढे आला. गोविंदसिंग वारले होते आणि त्यांची बरीच चीजवस्तू मागे राहिली होती. बादशाही चाकर मेला की त्याची दौलत सरकारजमा करायची, ही मोगलांची जुनी रीत. ती इथे लावायची का? बहादूरशहाने नकार दिला. दरवेशांच्या मालाने बादशाही खजिना भरायचा नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्याने ती चीजवस्तू वारसांना सोडली.

मरण पावलेल्या गुरूंच्या मालमत्तेला हात लावायचा नाही, आणि त्यांच्यावर कट्यार चालवणारा म्हणून परंपरा ज्याचं नाव घेते त्याच्या घरीही दुखवटा पोचवायचा! नांदेडात गोदावरीच्या काठी त्या पावसाळ्याअखेर जे घडलं त्याचा उलगडा करायचा तर या दोन हुकमांच्या मधल्या जागेत उभं राहून बघावं लागतं.

हा संघर्ष नांदेडात सुरू झालेला नव्हता. शंभर वर्षांपूर्वी, १६०६ मध्ये, जहांगिराच्या हुकमाने पाचवे गुरू अर्जनदेव लाहोरात हाल होऊन गेले. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी दिल्लीच्या चांदणी चौकात औरंगजेबाच्या हुकमाने नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. त्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. डिसेंबर १६६६ मध्ये पाटण्याला जन्मलेला हा मुलगा म्हणजेच दहावे गुरू गोविंदसिंग. आजोबा-पणजोबांच्या काळापासून तख्ताशी चाललेलं हे वैर त्यांच्या वाट्याला वडिलांच्या छिन्न मस्तकासह आलं. ते मस्तक दिल्लीहून आनंदपूरला आणलं गेलं होतं.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात त्यांनी खालसा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शस्त्रधारी शिखांचा पंथ, उभा केला. भरसभेत तलवार उपसून त्यांनी शिर मागितलं, तेव्हा एकामागून एक पाच जण उठले. ते पंजप्यारे. एक लाहोरचा, एक हस्तिनापूरकडचा, एक जगन्नाथपुरीचा, एक द्वारकेचा आणि पाचवा बीदरचा. या पाचव्याचं नाव साहिबचंद. परंपरेने तो न्हावी समाजातला. उदगीरहून दक्षिणेला उतरलं की बीदर येतं. लातूर-नांदेडच्या माणसाला ते आजही बाजारहाटाचं, सोयरिकीचं गाव आहे. बीदरला नानक झिरा आहे, गुरू नानकांच्या पायधुळीची आठवण सांगणारा. म्हणजे नांदेडात गुरूंचे पाय लागण्याआधी निदान नऊ वर्षं आपल्या या मुलखातला एक माणूस खालशाच्या पायात चिणला गेला होता. साहिबसिंग झालेला तो बीदरकर पुढे चमकौरच्या गढीत लढता लढता पडला.

चमकौरची ती लढाई डिसेंबरातली. परंपरेने १७०४, काही इतिहासकारांच्या मते १७०५. आनंदपुराला डोंगरी राजे आणि मोगल सुभेदार यांच्या फौजांचा वेढा पडला होता. कुराणाची आणि गायीची शपथ घेऊन बाहेर जाऊ देण्याचं वचन दिलं गेलं आणि बाहेर पडताच ते मोडलं गेलं. चमकौरला गुरूंचे दोन थोरले मुलगे, अजितसिंग आणि जुझारसिंग, कामी आले. धाकटे दोघे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, आजी माता गुजरी यांच्यासह सरहिंदच्या फौजदाराच्या हाती पडले. दोन्ही मुलं दहा वर्षांच्या आतली. फौजदार वजीरखानाने त्यांना धर्म बदलायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, आणि त्याने त्यांना भिंतीत चिणवून मारलं. मालेरकोटल्याचा नवाब शेरमहंमदखान स्वतः गुरूंच्या विरुद्ध लढलेला. पण मुलांचा काय दोष, असं म्हणून तो त्या दरबारात उभा राहिला. शीख समाज त्याची ही गोष्ट अजून विसरलेला नाही. नातवांच्या मागोमाग आजीही गेली.

वजीरखान हे नाव लक्षात ठेवायला हवं.

चारही मुलगे गमावलेल्या गुरूंनी त्यानंतर जे केलं ते मला त्यांच्या साऱ्या लढायांहून मोठं वाटतं. त्यांनी बादशहाला पत्र लिहिलं, फारसीत आणि पद्यात. जफरनामा म्हणजे विजयपत्र. सगळं हरलेल्या माणसाने पाठवलेलं विजयपत्र! तुझ्या माणसांनी कुराणावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, त्याचा जाब तुला द्यावा लागेल, हा त्या पत्राचा गाभा. बादशहाच्या बळाला नव्हे, त्याच्या धर्मबुद्धीला दिलेलं ते आव्हान होतं. भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग हे पंजप्याऱ्यांपैकी दोघे ते घेऊन दख्खनला निघाले, कारण औरंगजेब तेव्हा इथे होता, आपल्या अहमदनगरला. मराठ्यांच्या मागे पंचवीस वर्षं धावून थकलेला, नव्वदीकडे झुकलेला. पत्र त्याला पोचलं. त्याने गुरूंशी सलोख्याने वागा, त्यांना भेटीला पाठवा, असा निरोप लाहोरला धाडला. गुरू दक्षिणेकडे निघाले. ते राजपुतान्यात असतानाच ३ मार्च १७०७ रोजी भिंगारला बादशहाने डोळे मिटले.

मग नेहमीचं वारसयुद्ध. जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊला शहाजादा मुअज्जमने धाकटा भाऊ आझमशहाला मारलं आणि बहादूरशहा या नावाने तो गादीवर बसला. याच धामधुमीत आझमशहाच्या छावणीतून शाहू सुटले आणि पुढच्या जानेवारीत साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला, हे मराठी वाचकाला ठाऊक असतंच. म्हणजे औरंगजेबाच्या मरणाने एकाच वेळी दोन दारं उघडली होती. मराठ्यांसाठी शाहूंच्या सुटकेचं, आणि गोविंदसिंगांसाठी न्यायाच्या आशेचं.

आशा खोटी नव्हती. नव्या बादशहाशी गुरूंचा जुना परिचय होता, आणि वारसयुद्धात त्यांनी मुअज्जमची बाजू घेतली होती. १७०७ च्या पावसाळ्यात आग्र्याला दोघांची भेट झाली. बादशहाने खिलत दिली आणि साठ हजार रुपये किमतीची रत्नजडित धुकधुकी दिली. ऑक्टोबर १७०७ मध्ये गुरूंनी आपल्या संगतीला, म्हणजे अनुयायांना, जे आज्ञापत्र पाठवलं त्यात या भेटीचा उल्लेख आहे. बोलणी नीट चालली आहेत, लवकरच आम्ही कहलूरला, म्हणजे आनंदपूरच्या मुलखात, परतू, तेव्हा सगळ्यांनी हत्यारबंद होऊन यावं, अशी सूचनाही त्यात आहे. बादशहाशी वाटाघाट करणारा हा माणूस अनुयायांना शस्त्रं खाली ठेवायला सांगत नाही, हे ध्यानात घ्यावं.

पुढे काही इतिहासकारांनी लिहिलं की गोविंदसिंग बादशहाच्या चाकरीत शिरले. खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहिलंय की ते दोन-तीनशे भालेवाले घोडेस्वार आणि काही पायदळ घेऊन लष्करात सामील झाले. पण तेवढ्यावरून त्यांना चाकर ठरवता येत नाही. चाकरी केली असती तर मरणानंतर त्यांची दौलत मनसबदाराची म्हणून जप्त झाली असती. बादशहाने त्यांना दरवेश म्हटलं आणि हात आखडता घेतला. ज्याच्या शब्दावर सारं अवलंबून होतं त्या माणसानेच हा निवाडा देऊन ठेवलाय.

मग ते बादशहाच्या लष्कराबरोबर का चालले? कारण न्याय ज्याच्या हाती होता तो माणूस थांबायला तयार नव्हता. आधी राजपुतान्यातले बंड करणारे राजे, मग दख्खनमध्ये हैदराबाद-विजापुरावर हक्क सांगणारा धाकटा भाऊ कामबक्ष. वजीरखानाला शासन करायचं तर सरहिंदचा कारभार उलटापालटा करावा लागणार होता, आणि गादी अजून डळमळीत असताना चौसष्ट वर्षांच्या बहादूरशहाला पंजाबात नवं दुखणं नको होतं. वचन द्यायचं, पुढे ढकलायचं, पुन्हा वचन द्यायचं, असं सुमारे एक वर्ष चाललं. त्या वर्षभरात लष्कर आग्र्याहून राजपुतान्यात, तिथून बुऱ्हाणपूरला आलं, जूनमध्ये तापी उतरलं, ऑगस्टात बाणगंगा. ऐन पावसाळ्यात, काळ्या मातीच्या चिखलातून तोफा आणि हत्ती ओढत हा डेरा नांदेडला पोचला.

त्या काळचं नांदेड उत्तरेकडून हैदराबादेला जाणाऱ्या वाटेवरचं, गोदावरीच्या उताराचं गाव. नदीच्या काठी साधू-बैराग्यांच्या मठ्या असत. त्यातलीच एक माधोदास बैराग्याची. हा माणूस मुळचा काश्मीरकडच्या राजौरीचा, १६७० मध्ये जन्मलेला लछमनदेव. सांगतात की तरुणपणी त्याने शिकारीत एक हरिणी मारली, तिच्या पोटातून पाडसं निघाली, आणि तिथेच त्याचं मन संसारातून उठलं. फिरत फिरत तो नाशिकला पंचवटीला आला, तिथे योगसाधना शिकला आणि शेवटी नांदेडात ठिय्या देऊन बसला. जारणमारणाची सिद्धी असलेला म्हणून पंचक्रोशीत त्याचा दरारा होता.

३ सप्टेंबर १७०८ रोजी गुरू त्याच्या मठीत गेले. माधोदास बाहेर गेलेला. गुरू सरळ त्याच्या आसनावर बसले. तो परतला, संतापला, मंत्रतंत्र करून पाहिले, काही चाललं नाही. तू कोण, असं गुरूंनी विचारल्यावर मी तुमचा बंदा, असं उत्तर त्याने दिलं, ही नांदेडात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा. त्यातला चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोडला तरी उरतं ते इतिहासाला पुरेसं आहे. काही आठवड्यांत हा बैरागी अमृत घेऊन बंदासिंग झाला. गुरूंनी त्याला आपल्या भात्यातले पाच बाण, निशाण, नगारा आणि सोबत पाच विश्वासू शीख देऊन पंजाबात पाठवलं. तिथल्या शिखांच्या नावे आज्ञापत्रं दिली.

इथे गुरूंच्या मनातला बदल स्पष्ट दिसतो. वर्षभर बादशहाच्या न्यायाची वाट बघून झाली होती. तो न्याय येणार नाही हे नांदेडला येईपर्यंत त्यांना उमगलं असलं पाहिजे. नाहीतर बादशहाच्या छावणीच्या सावलीत बसून सरहिंदवर माणूस धाडण्याचं दुसरं कारण दिसत नाही.

बंदासिंग उत्तरेला निघण्याच्या आसपासच वार झाला.

सर्वांत जवळचा वृत्तांत सेनापती या कवीचा. तो गुरूंच्याच दरबारातला, आणि त्याचं श्रीगुरशोभा हे काव्य या घटनेनंतर दोन-चार वर्षांत पूर्ण झालेलं. त्याच्या सांगण्यानुसार एक पठाण काही दिवस गुरूंच्या भेटीला येत होता. बसायचा, बोलायचा, निघून जायचा. गुरूंच्या दाराशी कुणालाही मज्जाव नव्हता, तसा त्यालाही नव्हता. एका सांजेला तो आला. गुरूंनी त्याला प्रसाद दिला, तो त्याने खाल्ला. जवळपास माणसं नव्हती, जो एक सेवक होता त्याला झोप लागलेली. गुरू विसाव्याला आडवे झाले तेव्हा पठाणाने जमधर, म्हणजे कट्यार, काढून वार केला. दुसरा वार होतो न होतो तोच गुरूंनी तलवार उचलली आणि एका घावात त्याला आडवा केला. बाहेर थांबलेला त्याचा साथीदार पळताना शिखांच्या हाती मारला गेला. पुढच्या परंपरेत मारेकऱ्याचं नाव कुठे जमशेदखान, कुठे वासिलबेग येतं. जमशेदखान हे नाव मोगल टिपणातही आहे, म्हणून ते मला जास्त विश्वासाचं वाटतं.

जखम धुतली, शिवली, मलम लावलं. बादशहाने आपले जर्राह, म्हणजे शस्त्रवैद्य, पाठवले असं परंपरा सांगते. काही दिवसांत गुरू बरे दिसू लागले. शीख दर्शनाला येऊ लागले, त्यांच्या जिवात जीव आला. मग जखम पुन्हा उघडली. कुणी सांगतं, एक जड धनुष्य ओढून पाहताना टाके उसवले.

दिवाळी नुकतीच झाली होती. गावात भाऊबीज होऊन दोन-तीन दिवस उलटले होते. कार्तिक शुद्ध पंचमी, ७ ऑक्टोबर १७०८. गुरू गोविंदसिंग गेले, तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते.

कुणी पाठवला होता हा पठाण?

खाफीखान दोन ओळींत विषय संपवतो: कट्यारीच्या जखमेने गेले, मारणारा सापडला नाही. शिखांच्या नंतरच्या काही ग्रंथांत जुन्या वैराच्या गोष्टी येतात. आजोबांच्या हातून मारल्या गेलेल्या पैंदेखानाचा वंशज सूड घ्यायला आला, असं एक सांगतं. पण माणूस उठून शेकडो कोस चालत येतो, लष्कराच्या छावणीत शिरतो, ओळख वाढवतो, इतक्या तयारीमागे आजोबांचं वैर पुरत नाही. त्या घडीला गोविंदसिंगांच्या जगण्याची सर्वांत जास्त धास्ती एकाच माणसाला होती, तो सरहिंदचा वजीरखान. दोन कोवळ्या मुलांच्या खुनाचा जाब मागणारा बाप बादशहाच्या डेऱ्याला लागून मुक्काम करतो, वर्षभर त्याच्याशी बोलतो, हे त्याला रोज कळत होतं. मारेकरी त्याने पाठवला, हे शीख परंपरेचं ठाम म्हणणं आहे. लेखी हुकूम कुणाला मिळालेला नाही, पण हेतू, संधी आणि वेळ या तिन्हींचा रोख तिथेच जातो. मला तरी दुसरं नाव सुचत नाही.

आणि बादशहा? त्याने हुकूम दिला असं म्हणायला आधार नाही. पण खून होऊन महिना उलटत नाही तोच मारेकऱ्याच्या मुलाला दुखवट्याचा पोशाख जातो, त्याचा अर्थ काय? कदाचित जमशेदखान बादशाही चाकर होता आणि चाकराच्या घरी दुखवटा पाठवणं हा शिरस्ता होता. तसं असेल तर प्रश्न आणखी टोचतो. बादशहाचा चाकर बादशहाच्या छावणीत बादशहाच्या पाहुण्यावर वार करतो, आणि त्याची चौकशी कुठे दिसत नाही. बहादूरशहाने दोन्ही दारी शिष्टाचार पाळला आणि न्याय कुठल्याच दारी पोचवला नाही.

राजसत्ता आणि धर्मपीठ यांच्या भांडणात असं अनेकदा घडलंय. इंग्लंडमध्ये ११७० च्या डिसेंबरात कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याला चार सरदारांनी त्याच्याच चर्चमध्ये तलवारींनी तोडलं. गुन्हा करणाऱ्या पाद्र्यांना राजाच्या न्यायालयात उभं करायचं की चर्चच्या, यावरून राजा दुसरा हेन्री आणि त्याचा एके काळचा जिवलग यांचं बिनसलं होतं. राजाने मारा असं म्हटलं नव्हतं. रागाच्या भरात दरबारात तो जे बोलला त्याचा अर्थ त्या सरदारांनी आपापल्या परीने लावला. पण तीन वर्षांत चर्चने बेकेटला संत ठरवलं, आणि ११७४ मध्ये हेन्रीला अनवाणी चालत त्याच्या थडग्यापाशी जाऊन पाठीवर फटके घ्यावे लागले. नांदेडच्या बाबतीत बादशहाला असं प्रायश्चित्त घ्यायला लावणारं कुणी नव्हतं. इथे उत्तर वेगळ्या वाटेने आलं, आणि ती वाट गुरूंनी मरणाआधी स्वतः आखून ठेवली होती.

चारही मुलगे गेलेले. गादीवर कोण बसणार, हे शिखांनी विचारलं. सेनापती लिहितो की खालसा हेच माझं रूप आणि शब्द हाच सद्गुरू, अशा अर्थाचं उत्तर गुरूंनी दिलं. भट्टांच्या, म्हणजे वंशावळी राखणाऱ्या भाटांच्या, वह्यांतली नोंद आणखी तपशील देते. कार्तिक शुद्ध चतुर्थीला, म्हणजे देह ठेवण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी भाई दयासिंगांना ग्रंथ आणायला सांगितला, पाच पैसे आणि नारळ पुढे ठेवून माथा टेकला आणि यापुढे ग्रंथच गुरू असं जाहीर केलं. हा दयासिंग तोच, जो जफरनामा घेऊन अहमदनगरला गेला होता. तो आणि धरमसिंग दोघांनीही नांदेडातच देह ठेवला.

या निर्णयामागे कठोर व्यवहार होता, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. शंभर वर्षांत तीन गुरू सत्तेच्या किंवा तिच्या माणसांच्या हातून गेले होते. माणूस गादीवर असेल तर त्याला कैद करता येतं, लाच देता येते, मारता येतं, त्याच्या मुलांना ओलीस धरता येतं. त्याच्या वारसांत भांडणं लावता येतात. औरंगजेबाने सातव्या गुरूंच्या रामराय या मुलाला दरबारी ठेवून तसा डाव खेळूनही पाहिला होता. ग्रंथ गादीवर बसला आणि हे सगळे डाव निकामी झाले. तख्ताच्या हाती असलेली कट्यार आता कुणावर चालवणार?

आणि हा ग्रंथ कुणाचा? त्यात गुरूंची वाणी आहे तशी कबीर, रविदास, फरीद यांची आहे, आणि आपल्या नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. नामदेवांचं नरसी नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. मराठवाड्याच्या मातीतला एक शिंपी तेराव्या-चौदाव्या शतकात पंजाबात घुमानपर्यंत गेला, त्याची पदं १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथात घेतली, आणि शंभर वर्षांनी तोच ग्रंथ नामदेवांच्या जन्मगावाजवळ येऊन गुरुपदावर बसला. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. नांदेडच्या माणसाने पगडी बघून हा इतिहास परक्यांचा ठरवू नये, एवढं तरी त्यातून घ्यावं.

बंदासिंग पंजाबात पोचला आणि गुरूंच्या आज्ञापत्रांवर माणसं जमत गेली. जाट शेतकरी, सुतार, चांभार, ज्यांना सरहिंदच्या अंमलाने पिळलं होतं ते सगळे. १२ मे १७१० रोजी छप्परचिरीच्या मैदानात वजीरखान मारला गेला आणि दोन दिवसांनी सरहिंद पडलं. शहराने त्या दिवशी जे भोगलं ते भयंकर होतं. त्यात निरपराधांचंही रक्त गेलं, हे सांगणं टाळू नये. पण जे वर्षभर बादशहाकडे मागून मिळालं नव्हतं ते नांदेडच्या एका बैराग्याने दोन वर्षांच्या आत मिळवलं. त्याने काढलेल्या शिक्क्यावर स्वतःचं नाव नव्हतं, गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंगांचं होतं.

तेव्हा बहादूरशहा दख्खनहून परतीच्या वाटेवर होता. कामबक्षाला त्याने १७०९ च्या जानेवारीत हैदराबादजवळ संपवलं होतं. ज्याने दरवेशाच्या मालाला हात लावायला नकार दिला होता, त्याच बादशहाने १० डिसेंबर १७१० रोजी फर्मान काढलं की नानकाचे अनुयायी जिथे सापडतील तिथे त्यांना ठार करावं. १७१५ च्या अखेरीस, बहादूरशहाच्या मृत्यूनंतर, गुरदासनंगलच्या वेढ्यात बंदासिंग पकडला गेला. शेकडो साथीदारांसह त्याला दिल्लीत मिरवलं आणि ९ जून १७१६ रोजी हाल करून मारलं. धर्म सोडला तर जीव वाचेल, असं त्या सगळ्यांना सांगितलं होतं.

नांदेड या सगळ्यापासून दूर पडलं. गुरूंनी भाई संतोखसिंगांना इथेच राहून लंगर चालवायला सांगितलं, अशी आठवण सांगतात. मूठभर शीख राहिले, त्यांनी जागा सांभाळली. मुलूख निजामाकडे गेला. मग १८३२ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. हैदराबादचा दिवाण चंदूलाल याच्या काळात पंजाबातून शिखांच्या पलटणी निजामाच्या चाकरीत आल्या. त्यांना लाहोरी फौज म्हणत. आणि महाराजा रणजितसिंगांनी गुरूंच्या अंत्यस्थानावर आजचं तख्त सचखंड श्रीहजूर अबचलनगर साहिब बांधायला घेतलं. १८३७ पर्यंत ते काम चाललं. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे धर्मपीठांपैकी, हे एक. त्याचा कारभार हैदराबाद राज्यात १९५६ साली झालेल्या कायद्याने चालत आला.

त्या लाहोरी फौजेचे आणि जुन्या सेवकांचे वंशज म्हणजे आजचे हजुरी शीख. घरात दखनी-पंजाबी, बाजारात मराठी. दसऱ्याला त्यांची हल्लाबोल ही मिरवणूक निघते, दिवाळीच्या तोंडावर तख्तस्नान होतं. तेव्हा घागरीने गोदावरीचं पाणी आणून तख्त धुतलं जातं आणि गुरूंची शस्त्रं बाहेर काढून स्वच्छ केली जातात. नगीनाघाट, हिराघाट, शिकारघाट, बंदाघाट, संगत साहिब, मालटेकडी, अशी गुरूंच्या आणि बंदासिंगांच्या आठवणींची ठाणी गावभर आहेत. हिराघाटाची कथा अशी की बहादूरशहाने मोलाचा हिरा भेट दिला आणि गुरूंनी तो गोदावरीत फेकला. बादशहा दुखावला, तेव्हा गुरू म्हणाले, नदीत डोकावून बघा आणि तुमचा ओळखून घ्या. पाण्यात तसेच असंख्य हिरे दिसले. २००८ मध्ये ग्रंथाच्या गुरुपदाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा या घाटांची कामं झाली, रस्ते रुंदावले, विमानतळ सुधारला, आणि जगभरातून आलेले भाविक नांदेडच्या त्याच गोदावरीत उतरले.